बिनफोडणीचा हिवाळा

आज सकाळी आमच्या ओट्यापुढे एक वासरू येऊन उभं राहिलं आणि घरात जी धावपळ उडाली ती पाहून मला इतकं हसू आलं, की उरलेसुरले दात सांभाळावे लागले. वासरू तांबडं, कपाळावर पांढरा ठिपका, आणि पोटाखालची एवढीशी जागा भादरलेली. त्या जागेवर ओळीने फोड उठलेले. शेजारी काळ्या कोटातले देवीडॉक्टर, आणि दावं धरून कोपरीची चांगुणा. वासरू तिच्या गोठ्यातलं. ती बरोबर नसली तर पाऊल उचलत नाही म्हणून बिचारी त्याच्यासंगे दारोदार हिंडते आहे.

थंडी पडली की ठाण्यात पोरांच्या देवी काढायचा हंगाम येतो. वासराच्या फोडातली लस नस्तराच्या टोकदार पात्याने पोराच्या दंडावर लावायची; मग मोठ्या देवी त्या पोराच्या वाटेला जात नाहीत. यंदा आमच्या यमूची, माझ्या धाकट्या नातीची पाळी. आणि यमूची आई, म्हणजे आमची सूनबाई, तिला पोटाशी धरून माजघराला आतून कडी लावून बसलेली.

"सूनबाई, दार उघड. वासरू आहे गं ते, वाघ नव्हे."

"आधी विचारा, वासरू कुठल्या गाईचं? कपिलेचं आहे का?"

"आणि नसलं तर?"

"तर नको. भलत्याच गाईचं माझ्या यमूच्या अंगात जायला नको!"

मी ओट्यावर बसकणच मारली आणि पदर तोंडाला लावला. बाहेर चांगुणाही हसत होती. सूनबाईला वाटलं, म्हातारी आपल्याला हसते. तसं नव्हतं. हे दिवसही भीतीचेच आहेत. मुंबईहून गाठीच्या तापाच्या बातम्या येताहेत, पेटी घेतलेला सरकारी माणूस दिसला की बाया दारं लावून घेतात. समोरचं घर तर उठून खडवलीला शेतात झोपडी घालून राहिलंय. अशात दाराला कडी लावणाऱ्या आईला मी कशाला हसू? मी हसत होते ती दुसऱ्याच एका बाईला. तोंडापेक्षा मोठी नथ, डोक्यापेक्षा मोठा अंबाडा आणि अक्कल मात्र लाजेने कुठेतरी मागच्या मागे उभी. ती बाई म्हणजे तरुणपणची मी. हिने निदान गाईचं कूळ विचारलं. मी माणसाचं विचारलं होतं.

तो हिवाळा मला वासावरून आठवतो. खरं तर वास नसण्यावरून. एरवी आमच्या आळीत सकाळी दहाच्या सुमाराला पाय टाकला की नाकाला घरं कळायची. इथे मेथीची फोडणी, इथे लसूण, इथे कुणाचं तरी तेल जळलं. त्या साली आळीच्या टोकाच्या घरात देवी आल्या, दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला, आणि त्या दिवसापासून सबंध आळीने फोडणी बंद केली. देवी आलेल्या घरात फोडणी द्यायची नाही हा नेम. तिला चरचरलेलं आवडत नाही म्हणत. पण एका घराचा नेम सगळ्या आळीने पाळायचा, हे कुणी ठरवलं मला ठाऊक नाही. कुणी दवंडी दिली नव्हती. टोकाच्या घरातलं लेकरू तापात पडलंय, त्याच्या नाकाशी आपल्या लसणीचा खमंग वास कशाला, एवढंच. आमटी पांढरी, भाजी उकडलेली, वरण नुसतं मिठाचं. उखळाला आवाज नाही, कुणी कुणाला मोठ्याने हाक मारत नाही. पाणी भरायला गेलं की टोकाच्या घराची घागर आधी भरून त्यांच्या पायरीशी ठेवायची, मग आपली. ते घर बायकांनी असं न बोलता वाटून घेतलं होतं.

आणि मी? मी कुरकुरत होते. "अळणी खाऊन तोंडाची चव गेली," असं मी सासूबाईंना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणत असे.

माझा दत्तू तेव्हा रांगायला लागला होता. पहिला मुलगा, गोरापान, जावळ दाट. त्याला घेऊन मी अशी बसायची जणू जगात याआधी कुणाला पोर झालंच नव्हतं. त्यातून मला वाचता येई. इकडून कचेरीतून आल्यावर माजघरात लपून शिकवणं झालं होतं. चार पुस्तकं वाचून झाल्यावर माझी मान जी ताठ झाली ती पुढे संधिवाताने झाली तेवढीच.

एक दिवस देवीडॉक्टर आले. आताचे नव्हेत. त्या वेळचे सुकलेले, छत्रीच्या काडीसारखे, पायात वहाण, काखेत छत्री आणि हातात पत्र्याची पेटी. त्यांच्या मागे नागूबाय. ही कोपरीची आगरीण, मिठागरावर राबायची आणि आमच्या आळीत मीठ घालायची. तिच्या कडेवर तिची पोर, दत्तूएवढीच, काळी, तुकतुकीत, डोळ्यांत काजळाचं बोट फिरवलेली. तिच्या दंडावर टपोरा फोड.

"बाई, मुलाला आणा," डॉक्टर म्हणाले. "देवी काढू या."

"औषध कुठाय?" मी दाराआडून विचारलं. वाचलेली बाई ना मी.

"माझ्या पेटीत नस्तर आहे, औषध नाही. औषध पोरांच्या दंडात असतं. या मुलीची देवी मी मागल्या आठवड्यात काढली. आज फोड भरलाय. यातली लस तुमच्या मुलाला. तुमच्या मुलाचा भरला, की त्यातली पुढच्याला. अशी ही दंडादंडाने चालते. मध्ये कुणी नाही म्हटलं की तुटते."

तेव्हा वासरं नव्हती हो. तेव्हा सगळं माणसामाणसांतच होतं.

मी नागूबायच्या पोरीकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते आठवलं की आजही हसून पोट दुखतं. मी विचारलं, "दुसरा दंड नाही का? आपल्यातला?"

"आपल्यातला म्हणजे?"

"ब्राह्मणाचा. मुलाचा असला तर बरा. आणि जरा उजळ असावा."

डॉक्टरांनी छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "बाई, मी स्थळ घेऊन नाही आलो."

पण माझं सुरूच. मिठागरातल्या पोरीची लस अंगात गेली आणि दत्तू काळा झाला तर? त्याची बोली बदलली तर? मुंजीत अडचण आली तर? एवढे प्रश्न तर आमच्या लग्नात माझ्या वडिलांनीही विचारले नव्हते. गंमत म्हणजे नागूबायच्या हातचं मीठ वर्षभर माझ्या पानात पडत होतं. ते उजळ होतं म्हणून चालत असावं. खरी गोष्ट म्हणाल तर कूळबीळ सगळं वरवरचं. मला त्या नस्तराची भीती वाटत होती. पण भ्यालो म्हणायला लाज वाटते, सोवळं म्हणायला वाटत नाही.

नागूबायने सगळं ऐकलं. रागावली नाही. पोरीला दुसऱ्या कडेवर घेत एवढंच म्हणाली, "जाव दे डागतर. तिचा जीव घाबरलाय." आणि दोघं गेली. जाताना डॉक्टर म्हणाले, "मी आज कोपरीत चावडीवर उतरलोय. उद्या दुपारपर्यंत हा फोड कामाचा. मग सुकेल."

त्याच दिवशी संध्याकाळच्या आत आमच्या शेजारच्या दाराला लिंबाचा डहाळा लागला. भिंतीला भिंत लागून असलेलं घर ते. तिथली गोदू, जी काल माझ्या दत्तूला खुळखुळा वाजवून दाखवत होती, ती पडली. मी भिंतीला कान लावला. पलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं. दत्तूला पोटाशी धरून बसले. त्याच्या कपाळाला हात लावून बघे, मग स्वतःच्या, मग पुन्हा त्याच्या. हात भीतीने गरम झालेला, त्यामुळे काहीच कळेना.

सासूबाई माळ ओढत बसल्या होत्या. आमच्या सासूबाईंचं सोवळं म्हणजे आळीत धाक. ओल्या पातळाने स्वयंपाक, कावळ्याची सावली पडली तरी आंघोळ. मला वाटलं, दंड नाकारला म्हणून त्या तरी मला शाबासकी देतील. त्यांनी माळेचा पुढचा मणी ओढला.

सकाळी उठून बघते तर त्या घरात नाहीत. मला वाटलं देवळात गेल्या. ऊन चांगलं वर आलं तेव्हा आळीच्या तोंडाशी दिसल्या: आगगाडीचे रूळ ओलांडून, अनवाणी, आमच्या सासूबाई, त्यांच्या मागे नागूबाय, नागूबायच्या मागे छत्री. जन्मात ज्या बाईने स्टेशनाच्या पलीकडे पाय टाकला नव्हता ती कोपरीला जाऊन आली होती. आळी दारादारांतून बघत होती.

"दत्तूला आण," त्या म्हणाल्या.

"पण सासूबाई, सोवळं..."

"सोवळं मोडलं तर आंघोळ केली की येतं परत. माझी दोन गेली देवीत. केल्या होत्या ना मी आंघोळी. आली का?"

त्यांची दोन गेली होती हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मी दत्तूला आणलं.

ओट्यावर ऊन पडलं होतं. सासूबाईंनी मांडी घातली आणि हात पुढे केले, "दे तुझी पोर." नागूबायने एकदा त्यांच्या सोवळ्याच्या पातळाकडे पाहिलं, मग चांगुणाला त्यांच्या मांडीवर ठेवलं. हो, तीच चांगुणा, जी आज वासराचं दावं धरून उभी आहे. सासूबाईंनी तिला असं घट्ट धरलं जसं मी माझ्या नातवंडांना धरते. डॉक्टरांनी नस्तराचं टोक फोडाला लावलं, पाण्यासारखा थेंब वर आला. तो माझ्या दत्तूच्या दंडावर. मी डोळे मिटून घेतले होते. हे सगळं मला नंतर कळलं. डोळे उघडले ते चांगुणा किंचाळली म्हणून. तिला नस्तराचं काही नव्हतं. दत्तूने तिचं जावळ मुठीत धरलं होतं आणि सोडत नव्हता.

"बग, बग! लस बी घेतं नि केसबी उपटतं!" नागूबाय हसली.

मला तिच्याकडे बघवेना. तरी विचारलं, "काल मी तसं बोलले, आणि आज तू आलीस?"

"माज्या पोरीला कुटून आयली गो? कोलशेतच्या एका पोराच्या दंडातून. त्याची आयस नाय बोलली असती तं मी काय करणार व्हते?" एवढं बोलून ती पोरीच्या दंडावर फुंकर घालायला लागली. तिच्या लेखी विषय संपला होता.

पुढचे दिवस माझी काय गंमत झाली म्हणून सांगू! रोज सकाळी दत्तूला खिडकीशी नेऊन मी त्याचा रंग बघायची. सासूबाई त्याला तेल चोळून उन्हात टाकत, त्यामुळे पोर सावळं पडायचं आणि माझा जीव खालीवर. एक दिवस तो मजेत "आ-गो, आ-गो" करायला लागला. झालं! मी धावत माजघरात. "सासूबाई, हा आगरी बोलायला लागला!" सासूबाई इतकं हसल्या की त्यांची माळ तुटली. जगातलं प्रत्येक पोर आधी "आ-गो"च म्हणतं, हे पुढे पाच पोरं झाल्यावर माझ्या ध्यानात आलं.

मग त्याला थोडा ताप आला आणि हसणं थांबलं. भिंतीपलीकडे गोदू कण्हत होती, अलीकडे दत्तू कुरकुरत होता. हा आपला साधा ताप की तो, हे मला कोण सांगणार? गोदूची आई भिंतीपलीकडून हाक मारी, "कसा आहे गं?" जिची मुलगी मरणाच्या दारात, ती माझ्या मुलाची चौकशी करत होती. मी म्हणायची, "बरा आहे. गोदू?" पलीकडून एवढंच, "आहे." त्या एका शब्दावर आम्ही दोघी पुढचा प्रहर काढायचो. दत्तूचा ताप उतरला. दंडावर फोड आला, टपोरा, थेट चांगुणाच्यासारखा. माझ्या इतक्या देखण्या मुलाच्या अंगावर मला सगळ्यात देखणा तो फोड वाटला.

आणि पत्र्याची पेटी पुन्हा दारात. कल्याणात देवींनी थैमान घातलंय, तिकडे भरलेला दंड एकही नाही, मुलाला घेऊन चला. आता माझी पाळी. आळीतल्या बायका म्हणाल्या, देऊ नको. फोड फोडला की आतलं सत्त्व निघून जातं, मग आपल्या पोराला राहतं काय? मला ते पटलं. भीतीचं बोलणं पटकन पटतं. मी सासूबाईंकडे पाहिलं. मागल्या खेपेसारखं त्यांनी ठरवून टाकावं म्हणजे मी सुटले.

"मी नाही सांगणार," त्या म्हणाल्या. "पोर तुझं आहे."

मी खूप विचार केला असं तुम्हाला वाटेल. नागूबाय आठवली, हे खरं. तिने पोरीच्या दंडावर घातलेली फुंकर आठवली. पण खरं सांगू? त्याच्याही आधी आठवलं की कल्याण माझं माहेर, आणि माझ्या पेटीत नवं पैठणी लुगडं एकदाही न नेसलेलं. परोपकार लुगड्याच्या मागून आला. आला मात्र.

कल्याणात तळ्याकाठच्या धर्मशाळेच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या. कासारणी, तेलिणी, भोयांच्या बायका, आमच्या ओळखीच्या दोन भटणी, सगळ्या एकीशेजारी एक, आणि सगळ्यांच्या मांडीवर पोर. इतक्या बायका आणि इतकी शांतता मी पुन्हा पाहिली नाही. इथेही फोडणीचा वास नव्हता. मी लुगडं सावरत दत्तूला मध्ये घेऊन बसले. मनात म्हटलं, आता सगळ्या म्हणतील, केवढी मोठ्या मनाची बाई!

सगळ्यांत पुढे एक तेलीण होती, धिप्पाड, पोरगं तिच्यासारखंच. तिने दत्तूला वरपासून खालपर्यंत पाहिलं, लुगड्याकडे पाहिलं आणि पोराचा दंड पदराखाली ओढून घेतला.

"बामनाचं पोर हे? हे काय खातं? मऊ भात न् तूप. ह्याच्या दंडात काय जोर असनार? दुसरा दंड न्हाई का वो डाक्टर? आमच्यातला?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. छत्रीच्या काडीसारखा तो माणूस, पण त्या क्षणी त्याच्या मिशा हसत होत्या.

माझा दत्तू नको! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, तो मेतकूटही खातो. कुणी हललं नाही. मी म्हटलं, त्याचे आजोबा दशग्रंथी होते. तेलिणीने जांभई दिली. मागच्या बायका तिच्याकडे बघून आपापल्या पोरांचे दंड झाकायला लागल्या. मला एकदम दिसलं, की ही उठली तर सगळ्या उठतील, फोड उद्या सुकेल, आणि या ओट्यावरची ही सगळी पोरं तशीच उघडी घरी जातील. त्या घरांना भिंती होत्या, आणि भिंतीपलीकडे कुणाची ना कुणाची गोदू होती.  आणि मी, पैठणी नेसलेली, नथीतली, मी ओरडले:

"अगं, ही माझी कुठली! ही देवी कोपरीच्या मिठागरातली आहे. नागूबाय आगरिणीच्या पोरीची! उन्हात मीठ ओढते ती बाई. तिच्या पोरीच्या दंडातली आहे ही, आणि तिच्या आधी कोलशेतची!"

तेलिणीने पुन्हा एकदा दत्तूकडे पाहिलं, या खेपेला जरा आदराने.

"मंग आदी सांगायचं नव्हं?" असं म्हणून तिने आपल्या पोराचा दंड पुढे केला.

नंतर ओट्यावरच्या सगळ्याच दंडांची रांग लागली. दत्तू आधी रडला, मग कंटाळला, मग एका कासारणीच्या बांगड्यांशी खेळत झोपून गेला. लस संपेपर्यंत डॉक्टर थांबले नाहीत. सत्त्वबित्त काही निघून गेलं नाही. आज माझा दत्तू जेवायला बसला की सूनबाईला दोनदा भात लावावा लागतो.

आम्ही ठाण्याला परतलो ती सकाळची वेळ होती. आळीच्या तोंडाशी आले आणि पाय थबकले. फोडणी! कुणीतरी मोहरी टाकली होती, मग हिंग, मग कढीपत्ता. मी धावत सुटले. गोदूच्या घरासमोर लिंबाचा डहाळा उतरवलेला, दहीभाताचा नैवेद्य दाखवून देवीला निरोप दिलेला. गोदू उंबऱ्यात उशीला टेकून बसली होती. तोंडभर खपल्या, एक डोळा पुरता उघडत नव्हता, पण बसली होती. आत तिची आई फोडणी घालत होती आणि ठसका लागून खोकत होती. सगळ्या आळीत त्या दिवशी चुली पेटल्या त्या एकमेकींच्या फोडणीवर फोडणी देत. तिखटाने डोळे चुरचुरत होते आणि एकही बाई दार लावून घ्यायला तयार नव्हती.

टोकाच्या घरातलं लेकरू मात्र गेलं होतं. त्या घरी आम्ही आणखी काही दिवस पानं वाढून नेली. फोडणी न देता.

हे सगळं मी आज ओट्यावर बसून सूनबाईला दाराच्या फटीतून सांगितलं. तिच्या सासूच्या तोंडून सासूच्याच फजितीची गोष्ट, त्यामुळे कडी लवकर निघाली. "म्हणजे यांच्या दंडावरचा तो वण..." तिने बाहेर उभ्या चांगुणाकडे पाहिलं. चांगुणाने खांद्यावरून पदर सारून आपला दंड दाखवला. तसाच वण, तिथेच. नागूबाय जाऊन वर्षं झाली. कोलशेतच्या त्या पोराला मी कधी पाहिलंच नाही. कल्याणातून ती लस पुढे कुठे कुठे गेली, डोंबिवलीच्या खेड्यांत गेली की घाटापर्यंत, देवीडॉक्टरांना ठाऊक. पण कधी कधी आगगाडीतून कुणी धट्टाकट्टा माणूस खिडकीवर हात टाकून जाताना दिसला, की मला वाटतं, बाह्या वर कर रे बाबा, बघू दे.

आता वासरू आलंय. बरं झालं. कुणाच्या आईपुढे हात पसरायला नको, कुणाच्या पोराला रडवायला नको. तरी मला उगाच चुकल्यासारखं होतं. वासराला कुणी "येशील का?" म्हणून विचारत नाही, आणि ते "येते" म्हणत नाही.

सूनबाईने यमूला आणलं, आणि मी काही सांगायच्या आधीच चांगुणाच्या मांडीवर दिलं. यमूने आधी तिचे केस धरले. बापावर गेली आहे.

काम आटोपून वासरू पुढे निघालं तसं पलीकडच्या घरातली नवी सून दारातून अर्धी डोकावली. कडेवर पोर, हात कडीवर.

"काकू, ते वासरू कुठलं हो?"

मी उठून उभी राहिले. नथ राहिली नाही, आवाज आहे.

"कोपरीचं, नागूबाय आगरिणीच्या घरचं!"

पोरीने चांगुणाकडे पाहिलं, वासराकडे पाहिलं, आणि दार उघडलं.